खालचा ठोका

दाजींना मेहुण्याचं एकही काम कधी पसंत पडलं नव्हतं. गाडी आत घेण्यासाठी फाटकापासून घराच्या पायरीपर्यंत रस्ता करायचा होता. खणलेल्या जमिनीवर पसरलेला मुरूम मेहुणा सकाळपासून जड धुम्मसाने ठोकत होता.

"जमीन ठोकतोयस की बाळाला थोपटतोयस?" दाजींनी विचारलं.

मेहुण्याने हात थांबवले. "दाजी, माझा ठोका पडला की खालूनही एक येतो. तुम्हीच ऐका."

"नाचता येईना अंगण वाकडं! दे इकडे."

त्याच्या हातातून धुम्मस हिसकावून दाजींनी जोरात हाणला. पायाखाली, खोल कुठेतरी, तसाच ठोका पडला.

"पोकळ आहे जमीन, तुझ्या डोक्यासारखी," दाजी फिस्कन हसले आणि त्यांनी पुन्हा हाणला. या वेळी खालचा ठोका हातभर पुढे पडला, घराच्या बाजूला. पुढचा आणखी पुढे. दाजी इरेला पेटले. त्या ठोक्याच्या मागोमाग ठोकत ते थेट पायरीपर्यंत गेले, तेव्हा कुठे खालचा आवाज बंद झाला.

धुम्मस भिंतीला टेकवून ते धापा टाकत पायरीवर बसले. "बघितलंस? जमिनीलासुद्धा माणूस ओळखता येतो. तुझ्यासारख्या ऐदी माणसाला ती कशाला भीक घालेल?"

 मेहुणा दाजींच्या मागे, उघड्या दाराकडे बघत होता.

"अहो, पुरे करा ना आता ते ठोकणं!" आतून बायको कळवळून ओरडली. "स्वयंपाकघरातली फरशी वर यायला लागलीय!"

दाजींचे दोन्ही हात रिकामे होते.