भिंतीपाशी ठेवलेलं नाव

वॉर्सातल्या ज्यू दफनभूमीत, शेवटच्या कबरीमागे, सासू-सुना दबा धरून बसल्या होत्या. सगळ्या वस्तीला जर्मनांचा वेढा होता. दफनभूमीच्या भिंतीला एक भगदाड होतं, तेही जेमतेम तान्ह्या बाळापुरतं.

त्यातून दोन हात आत आले. पलीकडून पोलिश बाई कुजबुजली, "द्या लवकर, शिपाई वळलाय. नाव काय हिचं? मोठी झाली की सांगेन."

नाव अजून ठरलंच नव्हतं.

"माझ्या आईचं नाव सांग, फ्रुमेट म्हणून," सासू सुनेला पुटपुटली. "वारली बिचारी, नाव मोकळंच आहे."

सून ब्राइनाने झोपेचं औषध पाजलेल्या लेकीचा मुका घेतला आणि तिला त्या हातांत दिलं.

"ब्राइना," ती म्हणाली. "ब्राइनाच सांगा."

हात दिसेनासे झाले. सासूने तिच्या दंडाला कचकन चिमटा काढला.

"अगं ए शहाणे, स्वतःचं नाव? जिवंत माणसाचं नाव ठेवतात का आपल्यात? मृत्यूचा दूत पोरीला न्यायला आला आणि चुकून तुलाच घेऊन गेला म्हणजे?"

पलीकडे बूट वाजले, थांबले, मग दूर गेले. ब्राइनाने भगदाडात विटा रचायला घेतल्या.

"म्हणून तर ठेवलं, आई."