तिसरा अर्ज

“पुन्हा अर्ज करू या,” संघप्रिया म्हणाली. “या वेळी होईल.”

मुंजाजीराव टेबलाकडं बघत राहिले. शेजारी बसलेल्या कडूबाईंना ऐकू कमी यायचं. त्यांनी नवऱ्याचा दंड हलवला. “काय म्हनायल्यात?”

“थांब जरा,” मुंजाजीराव त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले.

संघप्रिया वकील होती. परभणीत कोर्टामागच्या गल्लीत बसून ती टोरांटोच्या एका वकिलासाठी व्हिसाच्या फायली तयार करायची. बोरी गावच्या या नवरा-बायकोला मुलाकडं, गोपाळकडं, कॅनडाला जायचं होतं. दोनदा नकार आला होता. दोन्ही वेळा कारण एकच, हे लोक परत मायदेशी जातील याची खात्री वाटत नाही.

तिला ते लागलं होतं. ती अंदाजानं काम करणारी नव्हती. कुठून किती अर्ज आले, किती नाकारले, कशासाठी नाकारले, याचे आकडे बाहेर आले की ती ते बारकाईनं वाचायची आणि वारं कुठं वळतंय ते बघून फाईल बांधायची.

“हे बघा काका.” तिनं स्क्रीन वळवली. “आपण गोपाळचं तिथं काम करायचं जुनं परमिट जोडलं होतं. नवं मागितलं, ते आलंच नाही. आणि हल्ली परमिटवरच्या पोरांच्या आईबापांना नकार वाढलाय. जे तिथले कायमचे रहिवासी म्हणून पक्के झालेत, त्यांच्या बोलावण्यावर काम होतंय. तुमचा पुतण्या आदिनाथ पक्का झालाय. गोपाळ त्याच्याकडंच राहतो ना? मग आदिनाथचं बोलावणं लावू.”

“असे किती जनाचे नाकारतेत?”

“बरेच. पण ज्यांचं इथं काही आहे, त्यांचे कमी. तुमची लेक सेलूला दिलेली आहे, शेती आहे. सातबारा आणा फक्त.”

“शेत भावकीत अडकल्यालं हाय,” मुंजाजीराव उठत म्हणाले. “सातबारा न्हाई मिळायचा.”

पुढच्या आठवड्यात कडूबाई एकट्याच आल्या. एसटीतून उतरून विचारत विचारत आलेल्या. पिशवीतून त्यांनी कागद काढला.

“हे घ्या. माज्या नावावरचा तुकडा हाय, माहेरचा. तलाठ्याकडून आनला. यांला सांगितलं न्हाई.” ऐकू येत नसल्यानं त्या मोठ्यानं बोलायच्या. बाहेरच्या बाकावरची माणसं आत बघू लागली.

“मावशी, काका का नको म्हणतात?”

प्रश्न दोनदा विचारावा लागला.

“म्हनतेत, म्हातारपनी इमानात बसायचं कशाला.” कडूबाईंनी पदरानं मान पुसली. “पहिलं फोनात गोप्याचं त्वांड दिसायचं. ट्रकवर गेल्यापसून निस्तं लिहून धाडतंय. हे वाचून दावतेत. मी खुशाल हाय, माय, तू गोळ्या घे. एवढंच. मला त्याला इचारायचंय, रातचं ट्रक चालवताना झोप येती का म्हून. ते काय लिहून इचारायचं असतंय?”

त्या गेल्यावर संघप्रियाला गोपाळचा फार राग आला. आईला चेहरा दाखवायला याला वेळ नाही. तिनं आदिनाथला मेल केला. उत्तर बऱ्याच दिवसांनी आलं. सगळे कागद नीट होते. खाली एक ओळ होती, काकांना विचारलंय ना?

अर्ज त्यांचाच आहे, असं तिनं कळवलं.

सहीच्या दिवशी मुंजाजीरावांनी सातबारा पाहिला आणि मग बायकोकडं पाहिलं. कडूबाई खाली मान घालून बसल्या होत्या, पण ओठांवरचं हसू त्यांना लपवता येत नव्हतं. मुंजाजीरावांनी सही केली. त्यांनी पेन टेबलावर ठेवलं.

“ह्या बारीला बी नाकारतेल का, बाई?”

“नाही काका. आता आकडे आपल्या बाजूनं आहेत.” आणि तिला राहवलं नाही. “गोपाळला तुम्ही एकदा बोला. असं कसं वागतं पोरगं?”

“त्याला काई बोलू नका,” ते पटकन म्हणाले. “त्याची काई चूक न्हाई.”

व्हिसा मंजूर झाला. संघप्रियानं लगेच फोन लावला. मुंजाजीराव “बरं” एवढंच म्हणाले. मग फोन कट झाला. आनंदानं बोलवेना, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दोघं आले. कडूबाई ठेवणीतलं लुगडं नेसल्या होत्या. त्यांनी संघप्रियाच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली, तिच्या तोंडात पेढा घातला आणि उरलेले पेढे वाटायला जिना उतरून गेल्या.

मुंजाजीरावांनी दार लोटून घेतलं.

“बाई, हे माघारी देता येतंय का?”

“काका, लोक यासाठी वर्षानुवर्षं थांबतात.”

“दोन्ही बारीला नकार आला तवा मी पोखर्णीला जाऊन नरसिंहाला नारळ फोडलाय.” ते खुर्चीत बसले नाहीत, टेबलाची कड धरून उभे राहिले. “आदिनाथ बी धाडत नव्हता कागद. मीच म्हनलो, धाड, ह्या बारीला बी नाकारतेलच.”

संघप्रियाचा आवाज चढला. “पण का? मावशीला लेकाला भेटू द्यायचं नाही का तुम्हाला?”

खालून, झेरॉक्सच्या दुकानातून, कडूबाईंचा मोठा आवाज वर आला. “घ्या की वं अजून एक! माज्या गोप्याकडं चालले मी!”

मुंजाजीरावांनी खिडकी लावून घेतली.

“कुनाला भेटवू, बाई? गोपाळला तर आदिनाथनं परवाच्या सालीच तिकडं अग्नी दिलाय.”