शिटी

चिखलदऱ्याच्या कॉफी कारखान्यात कांचनचा पहिलाच दिवस होता. दारावरच्या नर्सने तिची फुप्फुसं काढून काचेच्या कपाटात ठेवली आणि कंपनीची बसवून दिली. सालं काढताना उडणारी धूळ आता यांतच जाणार होती. संध्याकाळी स्वतःची परत मिळायची.

यंत्रापाशी तिथल्या जुन्या कामगार दुर्पताबाईंनी तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. गुळाने धूळ उतरते, असं इथल्या साऱ्या बाया अजूनही मानत.

"नाव काय वं तुहं?"

"कांचन..." मध्येच दम तुटला. छातीत बारीक शिटी वाजली. "धुर्वे."

दुर्पताबाई थबकल्या. "ही शिटी तं तुह्या मायची! हीच फुप्फुसं छातीत असतानी ती इथंच पडली, अन् उठलीच नाही."

"धुऊन देतात म्हणे."

"अन् तिची सोताची?"

"कंपनीने डब्यात घालून घरी आणून दिली. स्वच्छ होती."

कांचनने गूळ गालात सरकवला आणि बटण दाबलं. धूळ उडाली, शिटी पुन्हा वाजली. ती कान देऊन ऐकत राहिली. घरी आई कधी खोकलीसुद्धा नव्हती.