बेचाळीस नंबरचं इंजिन

इंजिन हललं. आधी कपाळावरचा दिवा लागला, मग चाकं फिरली आणि जेवणाच्या टेबलावर मांडलेल्या रुळांच्या गोलावरून ते सरळ निघालं. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच. साहेबरावांनी खुर्चीला मान टेकवली. आनंद व्हायला हवा होता. पण आठ दिवसांनी नळाला पाणी आलं होतं, पहाटेपासून ते भरून भरून कंबर धरली होती, आणि अंगात त्राण उरलं नव्हतं.

“नंबरचा घोळ होता, काका,” ताहेर म्हणाला. त्याचं समोरच्या गल्लीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान. इंजिनाबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक वाचून दाखवायला तो दुकान उघडायच्या आधी आला होता. “आपण तीन नंबरला हुकूम सोडून राहिलो, अन् याच्या पोटातल्या सर्किटला नंबर दिलेला बेचाळीस. दुसऱ्याच्या नावानं हाक मारल्यावर ते कशाला ओ देतंय?”

साहेबरावांनी रेल्वेत चौतीस वर्षं सिग्नल दुरुस्त केले होते. मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या पत्नी सरजाबाई गेल्या आणि लातूरच्या या घरात ते एकटेच उरले. जर्मनीतल्या मुलानं, अश्वजितनं, एका ओळखीच्या माणसाबरोबर ही छोटी रेल्वे पाठवली. बाबांचा वेळ जाईल, म्हणाला. साहेबरावांनी ती मागितली नव्हती, पण पोरानं पाठवली म्हणून मांडली. पहिल्या दिवसापासून इंजिन ढिम्म. मग रोज दुपारी दोनला अश्वजितचा व्हिडिओ कॉल. रूळ पुसा. चाकं स्पिरिटनं पुसा. वायरी काढून परत लावा. तासभर खटपट चालायची आणि शेवटी दोघंही दमायचे. उद्या बघू, असं म्हणून फोन ठेवायचे.

“आता भाऊला फोन लावा,” ताहेर म्हणाला. “लई खूश होतील.”

“दुपारी येतोच त्याचा.”

साहेबरावांनी इंजिनाला आणखी एक फेरी मारू दिली. मग ते थांबवलं आणि हातातल्या कंट्रोलरवरचा बेचाळीस खोडून परत तीन आकडा टाकला. बटण दाबून पाहिलं. इंजिन जागचं हललं नाही.

“चालू झालेलं कशाला बंद करून ठेवता?” ताहेरनं विचारलं.

“असू दे. अन् अश्वजित कधी बोलला तुझ्याशी, तर सांगू नको काही.”

ताहेर चपला घालून दुकानाकडं गेला.

दोन वाजता फोन वाजला. अश्वजितची दाढी वाढलेली होती. मागं खिडकीचा पडदा ओढलेला होता.

“चाललं का, बाबा?”

“न्हाई.”

अश्वजितनं डोळे चोळले. “मग राहू द्या. मलाच नीट बघून विकत घेता आलं नाही. डब्यात भरून ठेवा अन् द्या माळ्यावर टाकून.”

साहेबरावांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. “मला एक सांग. हे नवंकोरं होतं का रं?”

“नाही. जुन्या बाजारात एका म्हाताऱ्याकडून घेतलं.”

“म्हंजे आधी कुणी तरी वापरलेलं.”

“हो.” अश्वजितनं एकदम खुर्ची पुढं ओढली. “थांबा, बाबा. नव्या इंजिनाचा नंबर तीन असतो. त्या म्हाताऱ्यानं बदलला असेल. एक काम करा. तो वेगळ्या वायरीचा रुळाचा तुकडा आहे ना, त्यावर इंजिन ठेवा. आता कंट्रोलरवर नंबर वाचायचं बटण शोधा.”

साहेबराव सावकाश करत गेले. एकदा मुद्दाम चुकीचं बटण दाबलं. अश्वजित चिडला नाही. त्यानं पुन्हा पहिल्यापासून समजावलं, लहानपणी त्याला गणित समजावताना साहेबराव बोलायचे तसं, एकेक शब्द सुटा करून.

“बेचाळीस दाखवून राहिलं,” साहेबराव म्हणाले.

“बेचाळीस टाका. इंजिन गोलावर ठेवा. आता सोडा.”

दिवा लागला. इंजिन निघालं. साहेबरावांनी फोन रुळांजवळ धरला. तिकडून हसण्याचा आवाज आला. आईच्या मातीला येऊन गेल्यापासून तो असा हसला नव्हता. आणखी एक फेरी, म्हणाला. आता मागं घ्या, म्हणाला. साहेबराव तो सांगेल तसं करत गेले.

मग हसणं थांबलं. साहेबरावांनी फोन वळवून बघितलं. अश्वजितनं दोन्ही हातांत तोंड धरलं होतं. त्यांनी इंजिन थांबवलं.

“बाबा, माझी नोकरी गेली. तीन महिने झाले. रोज सांगायचं म्हणून फोन लावायचो अन् इंजिनाचंच बोलत बसायचो. शंभर ठिकाणी अर्ज केले. काहीच जमेना झालंय मला.”

“ठाऊक हाय,” साहेबराव म्हणाले. “कामाचा दिवस, तिथं सकाळचे दहा वाजलेले, अन् तू रोज तासभर माझ्याशी बोलून राहिला. कळतंय की.”

“मग विचारलं का नाही?”

साहेबरावांनी खुर्ची फोनजवळ ओढली आणि टेकले.

“एक तरी काम तुझ्या हातानं नीट होऊ द्यावं, मग विचारावं म्हनलं.”