बाबांची मुलाखत

बाबांच्या आठवणी रेकॉर्ड करायच्या, म्हणून मुलगा त्यांना घेऊनच कॅमेऱ्याच्या दुकानात गेला. तीन तास तो लेन्स लावून बघत होता. बाबा काही सांगायला लागले की म्हणायचा, "आत्ता नको बाबा, सगळं कॅमेऱ्यासमोर नीट सांगा." शेवटी बाबा काउंटरमागे म्हाताऱ्या दुकानदाराशेजारी जाऊन बसले. त्यानं दोन चहा मागवले.

रविवारी घरात लाइट उभे राहिले, बाबांच्या शर्टाला माईक लागला, आवाज नको म्हणून सुनेनं पंखासुद्धा बंद केला.

"हं बाबा, करा सुरुवात. अगदी लहानपणापासून."

बाबांनी घाम पुसला.

"ते सगळं त्या दुकानदाराला सांगून झालंय रे. कॅमेरा घे आणि त्याच्याकडेच जा."