बावन्नपर्यंत

"आजोबा?" नर्सने विचारलं.

"हृदय. बावन्नाव्या वर्षी," पुस्तकांचा बाइंडर म्हणाला.

तिने टॅबलेटवर बोट टेकवलं. वंशवृक्षातली एक चौकट लाल झाली.

"काका?"

"दोघेही तसेच. एक बावन्नचे, एक एक्कावन्नचे."

"वडील?"

"बावन्न. मी एकोणीस वर्षांचा होतो. काम करता करता त्यांनी टेबलावर डोकं टेकवलं. मला वाटलं, डुलकी लागली."

आणखी एक चौकट लाल झाली. निळ्या पडद्यांतून दुपारचं ऊन गाळून येत होतं. सगळी खोली पाण्याखाली असल्यासारखी, आवाजही लांबून आल्यासारखे. पुढच्या महिन्यात त्याला बावन्नावं लागणार होतं. भीती अशी वाटत नव्हती. मोठी कामं घेणं त्याने वर्षापूर्वीच थांबवलं होतं. सुया आणि दाबयंत्र कुणाला द्यायचं, तेही ठरलं होतं.

शेजारी त्याची आई मांडीवरची पिशवी घट्ट धरून बसली होती.

"लग्न? मुलं?"

"नाही." तो हसला. "वाचनालयातल्या बाई दर सोमवारी फाटकी पुस्तकं घेऊन यायच्या. नंतर नंतर तर धडधाकट पुस्तकंही आणायला लागल्या. एकदा त्यांनीच विषय काढला. मी म्हटलं, माझी मुदत बावन्नपर्यंतच. कुणाला मध्येच सोडून कशाला जायचं?"

"मग?"

"दोन वर्षं थांबल्या."

आईने मान खाली घातली.

टॅबलेटने आपलं काम केलं. वृक्षाखाली ओळ उमटली: धोका अतिशय जास्त.

"डॉक्टर बहुतेक छातीत यंत्र बसवायला सांगतील," नर्स हळूच म्हणाली. "ऑपरेशन याच आठवड्यात होईल."

"बसवा की." दुसऱ्याच कुणाच्या पुस्तकाचं कव्हर ठरत असावं, तसा तो म्हणाला.

आईने पहिल्यांदा तोंड उघडलं. "हे सगळं या लाल चौकटींवरून?"

"हो, आजी. यांच्या तपासण्या तशा चांगल्या आल्यात. पण घराण्यातच आहे म्हटल्यावर धोका कोण पत्करणार?"

"आणि एखादी चौकट चुकीची भरली असेल तर?"

"कुठली, त्यावर आहे. एखादीने सगळंच बदलेल."

पडदा फुगला, पुन्हा खिडकीला चिकटला. आईने पिशवी खाली ठेवली आणि लेकाकडे न बघता म्हणाली, "सिस्टर, याच्या वडिलांपुढे 'हयात' लिहा."

नर्स गोंधळली. "पण आजी, ते तर बावन्नाव्या वर्षी गेले ना?"

"ते माझे यजमान," आई म्हणाली. "याचे वडील एक्याऐंशी वर्षांचे आहेत. अजून तीन जिने चढतात, धाप लागत नाही."