खात्रीची गाडी

"ही पण नको," अण्णा म्हणाले आणि त्यांनी बॉनेट धाडकन खाली टाकलं.

चांगली पांढरी गाडी होती. एकाच मालकाने वापरलेली, रंग मूळचा, टायर अजून धड, आणि किंमत अण्णांच्या पुंजीत बसणारी. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याचं तोंड एवढंसं झालं. अण्णांच्या मुलाने मात्र सुटकेचा निःश्वास टाकला. त्याला आज चांगली गाडी नकोच होती.

अण्णांनी उभा जन्म दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या. साहेबांना नेलं, साहेबांच्या बायकोला नेलं, साहेबांच्या कुत्र्यालासुद्धा डॉक्टरकडे नेलं. निवृत्त झालो की स्वतःची गाडी घेणार आणि हिला शेजारी बसवून फिरवणार, असं ते घरात सारखं सांगायचे. आई नुसती "हं" म्हणायची. आता पैसे हाती आले होते. थोडेच, पण आले होते. आणि नेमकं आत्ताच डोळ्यांच्या डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेतलं. वडिलांना उजव्या बाजूचं जवळजवळ दिसत नाही, हे वाढतच जाणार, स्टिअरिंगला हात लावू देऊ नका.

"मी सांगतो त्यांना," असं म्हणून मुलगा घरी आला आणि गप्प बसला. गाडी चालवण्यापलीकडे ज्याने काही केलं नाही त्याला काय सांगायचं? आणि न सांगावं, तर गल्लीत दिवसभर पोरं खेळायची. त्यातली एक त्याची स्वतःची पोरगी होती.

शेवटी त्याने मिस्त्रीला गाठलं. मिस्त्री गाडीकाम शिकला तो अण्णांच्या शिव्या खात. गाडी त्याच्याच शब्दावर घ्यायची, हे घरात ठरलेलं होतं.

"वरून झकास दिसेल आणि सारखी बंद पडेल, अशी एखादी गळ्यात मारा," मुलगा त्याला म्हणाला होता. "दारात उभी राहील. अण्णांचा मान राहील आणि कुणी मरणार नाही."

मिस्त्रीने बराच वेळ फडक्याला हात पुसले होते. मग "बघतो" म्हणाला.

"ही करड्या रंगाची चालवून बघा," व्यापारी आता म्हणाला.

"तू चालव," अण्णांनी मुलाकडे किल्ली फेकली. "मला इंजिन ऐकू दे."

सकाळपासून हे असंच चाललं होतं. मुलगा चालवायचा, अण्णा शेजारी डोळे मिटून ऐकायचे आणि खोड काढायचे; आई आणि मिस्त्री फाटकापाशी थांबायचे. मुलाला वाटलं, आज नशीब आपल्या बाजूने आहे.

"गिअर टाकताना कुरकुरते," अण्णा उतरून म्हणाले. मुलाला कुरकुर ऐकू आली नव्हती. व्यापाऱ्यालाही नाही, पण म्हाताऱ्या ड्रायव्हरशी वाद कोण घालणार?

मग मिस्त्री सगळ्यांना मागच्या शेडमध्ये घेऊन गेला. तिथे एक निळी गाडी लखलखत उभी होती. त्याने मुलाकडे बघून हळूच मान हलवली.

आई दार उघडून सरळ पुढच्या सीटवर बसली. "रंग छान आहे. आता तुम्ही चालवा."

"आई, मीच..."

"तू मागे बस. पोराच्या हातचंच फिरायचं असतं, तर मी एवढी वर्षं थांबले कशाला?"

अण्णांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला. मग ते स्टिअरिंगमागे बसले.

गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. मुलाने काचेतून मिस्त्रीकडे बघितलं. मिस्त्री जमिनीकडे बघत होता. गाडी हलली. समोर फाटक, फाटकाबाहेर रस्ता. आई पुढचा कप्पा उघडून आत काय काय मावेल ते सांगत होती. उजवीकडून एक मुलगी सायकल दामटत येत होती.

"अण्णा!"

गाडीने नवशिक्याच्या हातात खावा तसा गचका खाल्ला आणि फाटकातच बंद पडली. सायकल घंटी वाजवत समोरून निघून गेली.

"ओरडायला काय झालं?" अण्णांनी विचारलं. त्यांनी उजवीकडे बघितलंही नव्हतं.

अण्णांनी पुन्हा किल्ली फिरवली. गाडी नुसती खोकली. परत फिरवली, परत खोकली.

"बॅटरी उतरली असेल," व्यापारी धावत येत म्हणाला.

अण्णा खाली उतरले. त्यांनी गाडीला एक फेरी मारली आणि तिच्या टपावर हात ठेवला.

"हीच घ्यायची."

"अहो, बंद पडली की ही!" आई म्हणाली.

"बुजलीये. माझ्या हाताखाली आली की सरळ होईल."

"लग्नात माझ्याबद्दलही हेच म्हणाला होतात."

"मग?"

"मग काय, अजून वाट बघताय."

व्यापारी खदाखदा हसला आणि मन बदलायच्या आत दोघांना सह्यांसाठी आत घेऊन गेला.

मुलगा उतरून गाडीपाशीच उभा राहिला. सगळं मनासारखं झालं होतं, आणि त्याला रडू फुटत होतं. एकेकाळी गल्लीच्या तोंडाशी आलेल्या गाडीचं दुखणं अण्णा घरात बसून नुसत्या आवाजावरून सांगायचे. डोळ्यांपाठोपाठ त्यांचा कानही गेला म्हणायचा.

"उपकार झाले तुमचे," तो जवळ आलेल्या मिस्त्रीला म्हणाला. "पण हे अण्णांना कधी कळता कामा नये. त्यांना सोसायचं नाही."

मिस्त्रीने फडकं खांद्यावर टाकलं.

"तुम्ही आलात त्याच्या आदल्या दिवशीच अण्णा येऊन गेले माझ्याकडे. म्हणाले, 'मला उजवीकडचं दिसत नाही. बंद पडणारी बघ एखादी, पण पोराला कळू देऊ नकोस. त्याला सोसायचं नाही.'"